जुना फ्लॅट घेण्याआधी खासगी इंजिनिअरकडून तपासणी आणि व्हॅल्युएशन : साडेतीन तारे

पाचपैकी साडेतीन. दीड तारा कुठे कापला ते पुढे येईलच. फी १४,००० अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२० रुपये. काम असं : चिंचवडमधला १९९८ सालच्या इमारतीतला टू बीएचके घेण्याआधी पाहून द्यायचा. त्याची अवस्था काय आणि योग्य किंमत किती, दोन्ही लेखी. करणाऱ्या मॅडम सिव्हिल इंजिनिअर आहेत आणि जमीन-इमारत या वर्गात आयबीबीआयकडे (केंद्राचं दिवाळखोरी मंडळ, व्हॅल्युअरची नोंदणी तिथे होते) नोंदणी असलेल्या व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या. एकटीची प्रॅक्टिस आहे, हाताखाली एक मुलगा. चार दोष सांगायचे आणि खाली नाव लावायचं हे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून नाव देत नाही.

मी भोसरीत गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचायचे आणि सही करायची किंवा परत पाठवायचे, हा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा किचकट झाला तर सांभाळून घ्या.

आधी एका गैरसमजाबद्दल. घरात, ऑफिसात, एजंटकडे, सगळीकडे एकच वाक्य ऐकलं : "बँक व्हॅल्युएशन करतेच की, मग वेगळे पैसे कशाला?" करते, पण स्वतःसाठी करते. उद्या हप्ते थकले आणि घर विकायची वेळ आली तर कर्ज वसूल होईल का, एवढाच तिचा प्रश्न असतो. म्हणून त्या रिपोर्टात बाजारभावाच्या खाली घाईत विकल्यास काय येईल तेही लिहिलेलं असतं. संडासाच्या भिंतीत पाणी मुरतंय का, याच्याशी बँकेला फारसं देणंघेणं नाही. आमच्या बँकेचा माणूस आला, दारावरची पाटी, किचन आणि मीटर रूमचे फोटो काढले, लाइट बिल आणि टॅक्सची पावती मागितली आणि चहाला नको म्हणून गेला. त्याची फी आमच्या खात्यातून गेली, रिपोर्ट मात्र आम्हाला मिळाला नाही. "तो बँकेचा अंतर्गत कागद आहे." बरं.

एजंटचा सूर वेगळा होता. टोकन द्यायच्या आधी मी इंजिनिअर आणणार म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, जुन्या फ्लॅटला असं कुणी करत नाही. मालक नाराज होतील. दुसरी पार्टी तयार आहे." ही दुसरी पार्टी प्रत्येक एजंटकडे कायम तयार असते. मालक निवृत्त गृहस्थ, काका फार सज्जन. ते म्हणाले, "आणा की. मला काय लपवायचंय?" आणि खरंच, त्यांनी स्वतः काही लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते त्यांच्या मुलाने, विक्रीआधी हॉलला पीओपीचं छत मारून आणि भिंतींना ताजा रंग देऊन. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसवावा तसा फ्लॅट नटवला होता.

तपासणी भर जुलैत ठेवली, ती मॅडमच्या सांगण्यावरून. "उन्हाळ्यात सगळेच फ्लॅट चांगले असतात," हे त्यांचं फोनवरचं पहिलं वाक्य, आणि तिथेच माझं मन बसलं. आल्या त्या लेझर मीटर, साधी टेप, ओलावा मोजायचं यंत्र, स्पिरिट लेव्हल आणि एक छोटी हातोडी घेऊन. फ्लॅटमध्ये शिरण्याआधी त्या पार्किंगमध्ये बराच वेळ फिरल्या. मला वाटलं, गाडीची जागा बघताहेत. बघत होत्या कॉलम. लिफ्टशेजारच्या एका कॉलमला खालच्या बाजूला उभी चीर होती आणि चिरेच्या कडेला तांबूस डाग. वर नवं प्लास्टर थापलेलं, रंग बाकीच्यापेक्षा वेगळा. हातोडीने हलकंच वाजवलं तर बद्द आवाज आला. आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. नुसतं प्लास्टर थापलं तर गंज आतच राहतो. हे मला धातूच्या बाजूने ठाऊक होतं, इमारतीत कुठे शोधायचं ते ठाऊक नव्हतं.

मग फ्लॅट. सगळ्या बाथरूमच्या टाइल्स नाण्याने वाजवून पाहिल्या. मास्टर बेडरूमच्या संडासाला लागून असलेल्या भिंतीवर यंत्राचा आकडा चढला. रंग कोरा करकरीत, हाताला काहीच लागत नव्हतं. पण त्यांचं खरं काम खालच्या मजल्यावर झालं. आपला संडास गळतो की नाही हे आपल्या घरात कधीच दिसत नाही, ते खालच्यांच्या छतावर दिसतं. खालच्या काकूंनी दार उघडलं, आत घेतलं आणि तीन वर्षांची भडास काढली. त्यांच्या संडासाच्या छताला पोपडे, मध्ये पिवळा गोल, खाली बादली. "मी सेक्रेटरींना पत्रं दिलीत, त्यांनी वर दिली, वरच्यांनी काय केलं विचारा." आमच्या एजंटला त्याच वेळी महत्त्वाचा फोन आला.

रिपोर्ट आठवड्याभरात येईल असं कबूल केलं होतं, थोडा उशिरा आला. त्याबद्दल तारा कापत नाही, पावसाळ्यात सगळ्यांच्याच गळती निघतात.

आता रिपोर्टाकडे येतो. लोक असा रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान उघडतात, किंमत बघतात आणि बाकीचं फाइलला लावतात. माझ्या मते शेवटचं पान सगळ्यांत कमी कामाचं. १६,५२० रुपये वसूल झाले ते दोन जागी : क्षेत्रफळाचा तक्ता आणि "काय तपासता आलं नाही" याची यादी.

तक्ता असा होता. एजंटची जाहिरात म्हणते ९५० चौरस फूट. १९९८ च्या करारनाम्यात बिल्टअप (भिंतींसकट) ६९.७० चौरस मीटर, म्हणजे ७५० चौरस फूट. महापालिकेच्या टॅक्स बिलात ६५.६० चौरस मीटर, म्हणजे ७०६. प्रत्यक्ष मोजलेलं कार्पेट (भिंतींच्या आतलं) ५९८. आणि हॉलला लागून एक टेरेस, ८४ चौरस फूट, त्यावर पत्र्याची शेड आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. मालकांनी तिथे मुलाची अभ्यासाची खोली केली होती. मंजूर नकाशात ती उघडी टेरेसच आहे. मॅडमनी शेड खोली म्हणून धरली नाही, शेरा मारला की महापालिकेने हरकत घेतली तर काढावी लागेल.

एकाच फ्लॅटची इतकी मापं असतात हे मला माहीत होतं, पण एका पानावर एकाखाली एक कधी पाहिलं नव्हतं. मागणी ७४ लाखांची होती. एजंटच्या ९५० ने भागलं तर भाव ७,७९० च्या आसपास येतो आणि ऐकायला बरा वाटतो. करारनाम्याच्या ७५० ने भागलं तर ९,८६० च्या पुढे. मॅडमनी त्याच ७५० वर ९,१०० चा दर धरून ६८.२५ लाख किंमत काढली.

हाच तक्ता पुढे बँकेत कामाला आला, तो किस्सा सांगतो. बँकेचं व्हॅल्युएशन आलं ६३.५ लाख. तोवर काकांशी बोलून सौदा ६९.५ ला ठरला होता. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी असलेली रक्कम धरते. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च धरत नाहीत. ६३.५ चे ८० टक्के ५०.८ लाख. माझ्या हिशेबात पाच लाखांच्या जवळपास खड्डा पडला. एजंटने लगेच पर्सनल लोनवाल्याचा नंबर दिला.

मी रिपोर्ट मागितला, मिळाला नाही. मग वेगळा प्रश्न विचारला : "रिपोर्ट नको, त्यात क्षेत्रफळ किती धरलंय तेवढं सांगा." लोन ऑफिसर मुलगी चांगली होती, स्क्रीनवर बघून म्हणाली ७०६. टॅक्स बिलाचा आकडा! दर त्यांनीही मॅडमच्या जवळपास, नऊ हजार, धरला होता, क्षेत्रफळ तेवढं चुकीच्या कागदावरून उचललं होतं. मॅडमच्या तक्त्याचं पान, करारनाम्याचं ते पान आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा) जोडून पुनर्विचाराचा अर्ज दिला. बँकेचं सुधारित व्हॅल्युएशन ६७.५ लाख आलं, कर्ज ५४ लाख. ३.२ लाखांचा फरक एका तक्त्याने पडला. "व्हॅल्युएशन कमी आलंय, वाढवून द्या" असा अर्ज केला असता तर तो तसाच परत आला असता. बँकेशी दरावर वाद घालता येत नाही, मापावर घालता येतो. हे कोणत्याही बँकेला लागू असावं असं मला वाटतं.

दुसरी जागा, न तपासलेल्या गोष्टींची यादी. पीओपीच्या वरचा स्लॅब पाहता आला नाही. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे होती आणि ते गावाला, त्यामुळे गच्ची आणि वरची टाकी पाहता आली नाही. कपाटामागची भिंत नाही. ड्रेनेजच्या आतल्या पाइपचं काही सांगता येत नाही. आमच्याकडे एखाद्या सप्लायरने स्वतःहून लिहून दिलं की अमुक माप घेतलं नाही, तर मी त्याच्या बाकीच्या मापांवर जास्त विश्वास ठेवतो. ती यादी घेऊन मी काकांकडे गेलो आणि पीओपीचा एक चौकोन उघडू द्याल का विचारलं. मुलगा फोनवर तापला, काकांनी उघडू दिला. वर स्लॅबला ओल होती पण सळई उघडी पडलेली नव्हती. सुटलो. गच्ची मी स्वतः नंतर पाहिली. चायना चिप्सचं वॉटरप्रूफिंग, ठिकठिकाणी गवत उगवलेलं.

रिपोर्टात एक ओळ होती : सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटची (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची) प्रत आणि मागच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं मागून घ्या. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांच्या पुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. या सोसायटीचं शेवटचं ऑडिट पाच वर्षांपेक्षा जुनं निघालं. इतिवृत्तात आणखी मोठं सापडलं : कॉलम दुरुस्ती आणि गच्चीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे १.४० लाख वर्गणीचा ठराव झालेला, वसुली सुरू व्हायची होती. म्हणजे खरेदीखत झालं की पहिलं पत्र आमच्याच नावाने आलं असतं. करारनाम्यात कलम घातलं की करारापूर्वी ठराव झालेली सर्व वर्गणी विक्रेत्याने भरायची, आणि ना-हरकत दाखल्यासोबत तशी पावती जोडायची. वकिलांनी ते दोन ओळींत बसवलं. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, सेक्रेटरींनी आधी पन्नास हजार सांगितला होता. महापालिका हद्दीत कमाल मर्यादा २५,००० आहे असं म्हटल्यावर पंचवीस झाला. याचं श्रेय मॅडमचं नाही, आमच्या हिचं. ती सहकार खात्यात नोकरीला असलेल्या मामाची भाची आहे.

सौदा कसा खाली आला? ७४ वरून ६९.५. मी रिपोर्ट टेबलावर आपटला वगैरे नाही. काकांना खालच्या काकूंच्या छताचा फोटो दाखवला आणि दोन्ही बाथरूम फोडून पुन्हा करायचा खर्च मांडला. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला. मग म्हणाले, "मुलगा म्हणाला होता करून घेतलंय." पुढचं बोलणं सोपं होतं आणि थोडं वाईटही वाटलं. मॅडमच्या किमतीपेक्षा मी सव्वा लाख जास्त दिले, ते जाणूनबुजून. आईचं मोरया गोसावींचं देऊळ चालत जाण्यासारखं आहे, पोरीची शाळा जवळ आहे, आणि हे कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

आता कापलेले तारे.

पूर्ण एक तारा व्हॅल्युएशनच्या भागासाठी. किंमत काढताना तीन तुलनात्मक व्यवहार दिले होते. दोन जवळच्या जुन्या सोसायट्यांतले, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवरून घेतलेले, ठीक. तिसरा सहा-सात वर्षांपूर्वीच्या टॉवरमधला, जिथे क्लब हाउस आहे आणि दोन लिफ्ट. त्याचा दर खाली आणताना किती टक्के कशासाठी वजा केले ते कुठेच नाही, फक्त "योग्य समायोजन करून". मी फोन केला तेव्हा त्यांनी तोंडी नीट समजावलं, वय एवढं, सोयी एवढ्या. मग तेच छापा की! पुढच्या आवृत्तीत छापून आलं, पण मागावं लागलं. दुरुस्तीचा अंदाजही "अडीच ते चार लाख" असा पसरट. त्यावर सौदा करायला बसलो तर समोरचा अडीच धरतो आणि आपण चार. शेवटी मी ओळखीच्या गवंड्याकडून बाथरूमचं वेगळं कोटेशन घेतलं.

अर्धा तारा फोटो आणि आकड्यांसाठी. ओलाव्याचे आकडे दिलेत, पण यंत्र कोणतं, पट्टी कसली, ते नाही. अशी बरीच यंत्रं लाकडासाठी बेतलेली असतात. प्लास्टरवर त्यांचा आकडा टक्के म्हणून वाचायचा नसतो, कोरडी भिंत आणि ओली भिंत यांची तुलना म्हणून वाचायचा असतो. हे लिहिलं नाही तर वाचणारा "२४ टक्के पाणी" म्हणून घाबरतो. फोटोंखाली जागा लिहिलेली नाही. सहा फोटो पांढऱ्या भिंतीचे, कोणती भिंत हे देव जाणे. माझ्या खात्यात असा रिपोर्ट परत गेला असता. आणि सगळा इंग्रजीत. आईने विचारलं काय लिहिलंय, तर मला बसून सांगावं लागलं. मराठीत एक पानाचा गोषवारा जोडला तर काय बिघडतं?

एका गोष्टीसाठी मात्र त्यांना पैकीच्या पैकी. एजंट सारखा म्हणत होता, "रीडेव्हलपमेंटला जाणार, डबल होतील." सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरच्या सहीविना जमिनीची मालकी सोसायटीकडे येणं) झालेलं आहे, जमिनीची मिळकत पत्रिका सोसायटीच्या नावावर आहे, त्यामुळे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. मॅडमनी तरी ते किमतीत धरलं नाही आणि का धरलं नाही ते एका परिच्छेदात लिहिलं : सभेत ठराव नाही, बिल्डरचा प्रस्ताव नाही, रस्त्याची रुंदी बेताची. बऱ्याच जुन्या फ्लॅटच्या किमतीत हल्ली हे स्वप्नच विकलं जातं, आणि बँक त्याच्यावर एक रुपया देत नाही.

ज्यांना असं काम करून घ्यायचंय त्यांनी आधी जुन्या एखाद्या रिपोर्टाचा नमुना मागावा, नाव-पत्ता खोडून. क्षेत्रफळाचा तक्ता आणि न पाहिलेल्या जागांची यादी नसेल तर दुसरा माणूस शोधावा. खालच्या मजल्यावर जाणार का, हे विचारावं. एजंटने सुचवलेला इंजिनिअर घेऊ नये. नव्या, दोन-तीन वर्षांच्या रेरा प्रकल्पातला फ्लॅट असेल तर मी इतके पैसे घालणार नाही; बांधकामातल्या दोषांना ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बिल्डर बांधील असतो, तिथे चांगला प्लंबर आणि टेप पुरे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का वाचतो. आमचं हिच्या नावावर आहे, सातऐवजी सहा टक्क्यांनी ४.१७ लाख भरले. म्हणजे जवळपास ७० हजार वाचले, त्यात तपासणीची फी चार वेळा बसते.

मोकळ्या जागेसह बंगला किंवा गावातलं घर घेणाऱ्यांना ही सेवा अपुरी आहे. कराडचा माझा साडू जुनं घर बघतोय, त्याने याच मॅडमना विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं की इमारत बघीन, हद्दीची जबाबदारी घेणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणीच लागते आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात हवी. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, ते हजर राहून हरकत घेऊ शकतात, म्हणून वेळ लागतो. मोजणीचा अर्ज घर विकत घेणाऱ्याला करता येत नाही, कागदोपत्री ज्याच्या नावावर जागा आहे त्यानेच करायचा. साडूच्या विक्रेत्याने अजून केलेला नाही. साडूनेही अजून टोकन दिलेलं नाही.